तीन आडव्या रेषा

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस वायव्य कोलोरॅडोतील एका उतारावर, सूर्य उगवण्याआधीच्या करड्या उजेडात, मी एक आकडा हलक्या आवाजात उच्चारला होता. ३८४. माझ्या शेजारी पालथे झोपलेल्या वयस्क गृहस्थांनी मान न वळवता होकार दिला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि रायफलच्या स्कोपवरची, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवरची, चकती मोजून काही खटके फिरवली. ते खटके थंड हवेत एकेक करून ऐकू येत होते. समोरच्या अंगाला नर एल्क, म्हणजे तिकडचे एक थोराड हरीण, आडवा उभा होता. त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. मग रायफलचा आवाज झाला आणि एल्कच्या पोटाखालच्या मातीतून धुळीचा एक लहानसा फुगारा उठला. तो क्षणभर तसाच उभा राहिला, जणू आवाज कोणत्या दिशेने आला हे त्याला ठरवता येत नव्हते, आणि दुसऱ्याच क्षणी ॲस्पेनच्या पांढऱ्या खोडांमध्ये दिसेनासा झाला.

हे गृहस्थ माझे शेजारी. रायफल त्यांची, परवाना त्यांचा, चाळीस वर्षांचा अनुभवही त्यांचा. मी शिकार करीत नाही. त्यांचे गुडघे दुखू लागल्यापासून सोबतीला जातो, सामान वाहतो आणि रेंजफाइंडर डोळ्याला लावून अंतर सांगतो. त्या दिवशी माझ्याकडे तेवढे एकच काम होते.

गोळी लागली नाही हे धुळीवरून दोघांनाही कळले होते, तरीही आम्ही पलीकडच्या उतारावर गेलो. आपल्या डोळ्यांवर विसंबून जखमी जनावर रानात सोडून देणे त्यांना कधीच मान्य नव्हते. जवळजवळ दोन तास आम्ही वाकून रक्ताचा थेंब शोधत होतो. सेजब्रशची पाने चुरडली की कापूर आणि ओव्याच्या मधला एक कडवट वास येतो. त्या सकाळी तो माझ्या पँटला, बोटांना, पाठीवरच्या पिशवीला असा लागला की घरी येऊन दोन वेळा धुतल्यावरही गेला नाही. रक्त कोठेच नव्हते. एल्कच्या खुरांचे ठसे ताजे आणि खोल होते, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर मातीत गोळीने ओढलेली रेघ होती. तेथे उभा राहून मी रेंजफाइंडर उलट्या दिशेने रोखला आणि ज्या खडकामागे आम्ही झोपलो होतो त्याचे अंतर घेतले. ४७२. पुन्हा घेतले. ४७२.

अठ्ठ्याऐंशी यार्ड कोठे गेले?

त्यांची रायफल थर्टी-ऑट-सिक्स जातीची आहे आणि तिचा नेम २०० यार्डांवर बसवलेला आहे. त्यापुढे गोळी झपाट्याने खाली येऊ लागते. ३८४ यार्डांसाठी चकती फिरवून ४७२ यार्डांवरच्या जनावरावर गोळी झाडली तर ती अंदाजे फूटभर खाली जाते. एल्कच्या छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम धरलेला असेल तर त्या फूटभराने गोळी पोटाखालून निघून जाते, आणि तेच झाले. नेम वीतभर वर असता तर पाय मोडला असता, आणि मग दोन तासांच्या जागी दोन दिवस शोधावे लागले असते. हा हिशेब मी त्या उतारावर उभा राहून मनातल्या मनात केला आणि त्यानंतर कितीतरी रात्री करीत राहिलो.

गेलेले यार्ड परतीच्या वाटेवर सापडले. आमच्या खडकापासून ३८४ यार्डांवर जमिनीला एक बेमालूम फुगवटा होता आणि त्यावर सेजब्रशची चार-पाच झुडपे होती. एल्ककडे पाहताना त्यांचे राखाडी शेंडे नजरेच्या रेषेला अगदी खालून चाटून जात होते. रेंजफाइंडरमधून सुटणारा झोत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा असतो. तो एल्कपर्यंत पोहोचला खरा, पण जाता जाता झुडपांनाही लागला. झोताचे दोन परावर्तित अंश परत आले. त्यांपैकी जवळचा दाखवायचा की लांबचा, हे यंत्रातील एका सेटिंगवर ठरते. शेजाऱ्यांनी उन्हाळाभर तेच यंत्र गोल्फच्या मैदानावर वापरले होते. गोल्फमध्ये झेंड्याच्या मागे झाडे असतात आणि खेळाडूला झेंड्याचे अंतर हवे असते, म्हणून यंत्र जवळची वस्तू निवडण्यावर ठेवतात. शिकारीत नेमके उलटे, कारण गवत पुढे असते आणि जनावर मागे. सेटिंग बदलायचे त्यांच्याकडून राहिले होते आणि ते तपासायचे माझ्याकडून. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो, हे येथे लिहून टाकलेले बरे.

यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने झुडपाचे अंतर सांगितले; ते एल्कचे आहे असे मी म्हणालो.

शेजारी मला एका शब्दानेही बोलले नाहीत. थर्मासमधली कॉफी त्यांनी नेहमीसारखी आधी माझ्या पेल्यात ओतली. त्यांनी रागावून काही म्हटले असते तर कदाचित ती सकाळ तेथेच संपली असती. रविवारी अप्पांना फोन केला तेव्हा मी ही हकीकत गमतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. अप्पांना शिकारीचे काहीच कौतुक नाही; त्यांनी इतकेच विचारले, “किती वेळा मोजलंस?” मी म्हणालो, “एकदाच.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी तिकडे बर्फ पडू लागले का, अशी चौकशी केली.

अप्पा सातारा जिल्ह्यात भूकरमापक होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शिवारात जात असे. त्यांच्या तरुणपणीची शंकू साखळी आमच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेली होती. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. लोखंडाचा तो खुळखुळाट आणि हाताला लागणारा गंजाचा वास मला अजून आठवतो. डोंगरउतारावर मोजताना साखळी जमिनीवर पसरायची नाही, हा त्यांचा पहिला धडा होता. ती आडवी ताणून धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा, तो जेथे टेकेल तेथे खूण करायची आणि पायरी-पायरीने खाली उतरायचे. उतार कितीही असला तरी नकाशाला सपाटीचेच अंतर हवे असते. बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊबंद उभे असत, दोघांच्याही नजरा साखळीच्या कडीवर खिळलेल्या, आणि अप्पा एका टोकाकडून मोजून झाले की काही न बोलता दुसऱ्या टोकाकडून मोजायला लागत. एकदा दोन मापे जुळली नाहीत. तिसऱ्यांदाही जुळली नाहीत. ऊन उतरले होते, एका घरून आलेला चहा पितळेच्या पेल्यांत गार झाला होता आणि सगळ्यांना काहीतरी एक आकडा हवा होता. अप्पांनी वही मिटली आणि उद्या पुन्हा येतो म्हणाले. घरी परतताना मी विचारले होते की मधला आकडा का लिहिला नाही. त्यांनी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. सायकलच्या दांड्यावर बसून पाय बधिर झाल्याचे मात्र आठवते.

ऑगस्टमध्ये शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणाले, “नवा रेंजफाइंडर घेऊ या. निवड तू कर, यंत्रे तुला कळतात.” यात टोमणा असेल का, हे मी दोन दिवस तपासत होतो. तो नसावा.

मग मी महिनाभर त्या खरेदीत बुडालो. दोनशे डॉलरपासून तीन हजारांच्या पलीकडे किमती जातात, आणि प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत कोणता ना कोणता भव्य आकडा असतो. दोन हजार यार्ड, तीन हजार यार्ड. तो आकडा परावर्तक पाटीसाठी असतो, म्हणजे रस्त्यावरच्या चकाकत्या फलकासारख्या वस्तूसाठी. त्याच्या खाली लहान अक्षरांत झाडाचा आकडा आणि त्याहून लहान अक्षरांत हरणाचा. तो बहुधा पहिल्याच्या अर्ध्यावर आलेला असतो. जनावराची केसाळ कातडी प्रकाश पिऊन टाकते आणि उरलेला इतस्ततः विखरते. ज्या जनावरासाठी यंत्र घ्यायचे त्याचाच आकडा सर्वांत बारीक छापलेला पाहून मला आमच्याकडच्या शेतजमिनीच्या जाहिराती आठवल्या, ज्यांत हमरस्त्यापासूनचे अंतर नेहमी ठळक असते आणि पाण्याचा उल्लेख तळाशी.

या यंत्राच्या पोटात जे चालते त्याचे मला मात्र खरोखर नवल वाटते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, साधारण तीस सेंटिमीटर जातो. ४७२ यार्ड जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखांश भागांतले जेमतेम तीन भाग लागतात, आणि एका यार्डाचा फरक ओळखायचा तर यंत्राला सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. मुठीत मावणारी वस्तू हे करते. लायका कंपनीने १९९२ मध्ये जिओव्हिड नावाची, लेसर अंतरमापक पोटात असलेली दुर्बीण काढली तेव्हा तिला केवढे अप्रूप होते, असे शेजारी सांगतात. आता बहुतेक सगळी यंत्रे ९०५ नॅनोमीटरच्या झोतावर चालतात आणि मोजण्यात फारशी चुकतही नाहीत. चूक होते ती कशाला मोजले यात.

म्हणून झोताची रुंदी पाहावी लागते. लेसर म्हणजे सुईसारखी सरळ रेषा, असे मला वाटत असे. प्रत्यक्षात तो पसरत जातो, आणि पसरतोही लांबट. एका दिशेला अधिक, दुसऱ्या दिशेला कमी. एक मिलिरेडियन पसरणारा झोत हजार यार्डांवर यार्डभर रुंद होतो. दीड मिलिरेडियनची बाजू उभी असेल तर ४७२ यार्डांवर तो दोन फुटांहून उंच पट्टा होतो, म्हणजे एल्कच्या छातीएवढा. मग त्यात गवताचे शेंडे आले नाहीत तरच आश्चर्य. त्यातही डोळ्याला दिसणारे वर्तुळ आणि न दिसणारा झोत एकाच जागी असतील, याची खात्री नसते. ते तपासायची युक्ती मला शेजाऱ्यांनीच शिकवली. मागे मोकळे आकाश असलेला विजेचा खांब शोधायचा आणि वर्तुळ डावीकडून, मग उजवीकडून हळूहळू त्याच्या कडेला आणत बटण दाबत राहायचे. खांबाचा आकडा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो यावरून झोताची खरी जागा कळते.

फोर्ट कॉलिन्समधील एका मोठ्या दुकानातल्या तरुण विक्रेत्याने मला पाच यंत्रे घेऊन मागच्या दारी उभे राहू दिले. पश्चिमेला डोंगरांची रांग होती, पायथ्याला वाळलेल्या गवताचा पिवळा उतार, मध्ये खांब, पाण्याची टाकी आणि एक उंच जाहिरात फलक. फलकाचे अंतर पाचही यंत्रांनी बटण दाबताच दिले. त्यावरून काही ठरवायचे नव्हते. दोन यंत्रांत आकडे काळे होते. ते भर दुपारी सुरेख दिसत, पण पहाटेच्या अंधारात झाडीच्या काळोखावर काळा आकडा कसा वाचणार? लाल आकड्यांची तीन उरली. त्यांतल्या एकाचे वर्तुळ खांबाच्या कसोटीत बरेच सरकलेले निघाले. राहिलेल्या दोघांपैकी एक महाग होते. त्यात कोनाचा हिशेब होता, हवेचा दाब आणि तापमान होते, आणि स्कोपवर किती खटके फिरवायचे हेही ते सांगत असे. दुसऱ्यात कोनाचा हिशेब तेवढा होता. तो हवाच, तीस अंशांच्या उतारावर ४०० यार्ड दिसणारे जनावर गोळीच्या दृष्टीने ३४६ यार्डांवर असते. हे वाचताना मला एकदम अप्पांचा ओळंबा आठवला आणि तेथे, दुकानाच्या मागच्या दारी, मी उगाचच हसलो. विक्रेत्याने नम्रपणे तेही चालवून घेतले.

मग मी दोन्ही यंत्रे उतारावरच्या एका सावलीच्या खोबणीकडे रोखली, जेथे मोजण्यासारखे धड काही नव्हते. महाग यंत्राने आकडा दिला. पुन्हा दाबले, दुसरा आकडा दिला, तिसऱ्यांदा तिसराच. प्रत्येक वेळी आकडा तितकाच ठळक, तितकाच लाल. दुसऱ्याने अर्धा क्षण घेतला आणि पडद्यावर तीन आडव्या रेषा उमटवल्या. मी विक्रेत्याला विचारले की हे नेहमी असेच करते का. त्याला वाटले मी तक्रार करतो आहे. त्याने घाईघाईने सांगितले की हा स्वस्त यंत्राचा दोष आहे, महाग यंत्र सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. मी रेषावाले यंत्र घेतले. ज्याने ते महाग यंत्र बनवले त्याच्यावर मी अन्याय केला असण्याची शक्यता आहे. त्या खोबणीत त्याला खरोखर तीन निरनिराळ्या वस्तू सापडल्या असतील. पण मला त्यातली कोणती, हे ते सांगू शकत नव्हते.

हे सारे करताना एक प्रश्न मी बाजूला सारत होतो. रेंजफाइंडर हाती येण्यापूर्वी माझे शेजारी ३०० यार्डांपलीकडे गोळी झाडत नसत, असे तेच सांगतात. त्यात काही तत्त्व नव्हते. अंतर कळत नसे म्हणून ते जवळ जात. रांगत जात, वाऱ्याची दिशा पाहून लांबचा फेरा घेत, आणि चारांतून तीनदा जनावराला त्यांचा वास लागून ते निघून जाई. यंत्राने चूक कमी केली हे खरे, पण त्याच यंत्राने त्यांना बसल्या जागी ठेवले हेही खरे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या नेमबाजीविरुद्ध भूमिका घेतली आहे. ज्या अंतरावरून जनावराचे नाक, कान आणि डोळे निरुपयोगी ठरतात तेथून त्याला मारणे ही खरी शिकार नव्हे, असा तिचा आशय आहे. आयडाहो राज्यात तर मोठ्या जनावरांच्या शिकारीत बंदुकीला विजेवर चालणारे उपकरण जोडण्यासच मनाई आहे. स्कोपमधली प्रकाशित खूण तेवढी चालते. मला ही मते पटतात, आणि तरीही शेजाऱ्यांचे गुडघे मला दिसतात. त्यांना आता रांगता येत नाही. त्यांनी शिकार सोडावी असे म्हणण्याइतका मी निर्मळही नाही. त्यांनी पांढऱ्या कागदात बांधून दिलेले एल्कचे मांस दर हिवाळ्यात आमच्या फ्रीझरमध्ये असते, आणि आमच्या घरी ते कांदा-लसूण मसाल्यात, तेल जरा सढळ घालून शिजते, कारण त्याला स्वतःची चरबी जवळजवळ नसते.

शिवाय अंतर अचूक कळले तरी बाकीचे कळत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा पाचशे यार्डांवर त्यांची गोळी दीड फूट बाजूला नेतो, आणि त्या वाऱ्याबद्दल रेंजफाइंडर काहीच सांगत नाही. गोळीला तेथे पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो. लाल आकडा इतका नेटका दिसतो की बाकी सगळेही तितकेच नेटके असेल असे वाटू लागते. गेल्या वर्षी माझ्या आवाजातही तो नेटकेपणा उतरला होता. ३८४ म्हणताना मी अडखळलो असतो तर त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले असते, असे मला वाटत राहते.

या ऑक्टोबरला आम्ही पुन्हा त्याच खोऱ्यात गेलो. नारिंगी जाकिटे, तोच थर्मास. रेंजफाइंडरची बॅटरी मी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवली होती आणि सेटिंग आदल्या रात्री दोनदा, सकाळी गाडीत एकदा तपासले होते. त्याच खडकामागे बसल्यावर मी सर्वांत आधी त्या फुगवट्यावरची झुडपे मोजली. ३८४. जुन्या ओळखीच्या माणसाला रस्त्यात पाहावे तसे मी त्यांच्याकडे पाहिले.

आठच्या सुमारास बारीक हिमवर्षाव सुरू झाला, आणि त्यातूनच समोरच्या ॲस्पेनमधून एक नर बाहेर आला. गेल्या वर्षीचाच असेल, असे मानण्याचा मोह होतो, पण तसे मानायला काही आधार नाही. यंत्र मी लहान ट्रायपॉडवर बसवले होते. बटण दाबले. ४४७. पुन्हा दाबले. तीन आडव्या रेषा. हवेत हिमाचे कण दाट होत होते आणि झोत त्यांच्यातच विखुरत होता. तिसऱ्यांदा ४६३. चौथ्यांदा पुन्हा रेषा. शेजाऱ्यांचे बोट चकतीवर होते आणि हातमोजा दातांत. एल्क मान खाली घालून चरत होता. त्याच्या पाठीवर पांढरी भुकटी साचू लागली होती.

“किती?” त्यांनी विचारले.

“रेषा येत आहेत,” मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी आणखी दोनदा बटण दाबले. मग समोरचा उतारच पांढऱ्यात विरघळला आणि एल्क दिसेनासा झाला. त्यांनी रायफलचा बोल्ट मागे ओढून गोळी काढली, खिशात टाकली, हातमोजा घातला आणि थर्मासचे झाकण फिरवले. कॉफी या वेळीही आधी माझ्या पेल्यात ओतली.

“चारशे साठ असावे,” ते म्हणाले.

“असेल,” मी म्हणालो, आणि पेल्यावर पडणारे हिम वितळताना पाहत राहिलो.